वारा पडेपर्यंत

मैमूना न सांगता गेली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर तिच्या पोराने, इगशानने, अख्ख्या अथलोन वस्तीभर डांगोरा पिटला की मा घर टाकून गेली. तिने सांगितलं होतं, आणि तेही तोंडावर. "या नव्या वर्षाला मी गलीमाच्या घरच्यांबरोबर समुद्रावर जाणार आहे, तंबूत राहायला. त्यांचा मुक्काम हलेल तेव्हाच परत येईन." इगशान हसला होता. "मा, घरात झुरळ दिसलं तर तू खुर्चीवर चढतेस," म्हणाला आणि रिकामा कप तिच्यापुढे सरकवला. कप तिने भरला. चहा ओतताना ती हसत नव्हती, पण हे बघायला त्याने मान वर करायला हवी होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी गलीमाच्या नवऱ्याचा ट्रक दारात आला तेव्हा मैमूना उशी आणि आपलं मोठं पातेलं घेऊन पायरीवर उभीच होती.

गलीमा तिची शाळेपासूनची मैत्रीण. लग्नानंतर दर डिसेंबरात गलीमा तिला म्हणायची, "चल गं आमच्याबरोबर," आणि दर डिसेंबरात मैमूनाचा नवरा रऊफ म्हणायचा, "नाही." रऊफ वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. "गोऱ्यांच्या सरकारने आम्हाला एकदा शहरातल्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीतल्या घरातून उचलून शहराबाहेरच्या वाळूत फेकलं. आता मी स्वतःच्या पायाने वाळूत झोपायला जाऊ?" यावर कोण काय बोलणार? पण जखम त्याची आणि पथ्य मात्र तिने पाळायचं, असं रऊफ जाईपर्यंत तीस वर्षं चाललं. गलीमा उन्हाने काळी होऊन परत यायची, स्वयंपाकघरात बसून भरती-ओहोटीच्या गप्पा सांगायची, आणि मैमूना इस्त्री करता करता ऐकायची. एकदा ऐकता ऐकता रऊफचा सदरा जळला. तेव्हाही तिने दोष इस्त्रीलाच दिला.

गलीमाच्या माहेरची कथा अगदी उलट. ज्या किनाऱ्यावर गोऱ्यांनी तिच्या बापाला पाय ठेवू दिला नव्हता, तो किनारा सगळ्यांना खुला झाला त्याच डिसेंबरात म्हातारा ट्रकमध्ये सगळं घर घालून तिथे येऊन बसला. "आता उठवा मला," म्हणाला. कोणी उठवलं नाही. तेव्हापासून त्याच वडाएवढ्या खडकाजवळची तीच जागा, तोच जाड कापडाचा पलटणीचा जुना तंबू, आणि सगळं घर. सगळं म्हणजे सगळं. सतरंज्या, जाळीचे पडदे, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, आणि गलीमाच्या आईच्या गुलाबाच्या बशा मांडलेलं काचेचं कपाट.

"तुम्ही घर सोडून येता की उचलून आणता?" मैमूनाने पहिल्या दिवशी विचारलं.

"तिकडे चोर आला तर त्याला बसायला खुर्चीसुद्धा मिळायची नाही," गलीमा म्हणाली. "आणि तू उठू नकोस. बस. तू पाहुणी आहेस."

इथेच घोडं अडलं. मैमूनाला काही करू देईनात. भांडी घासायला गेली की सुना हातातून ओढून घ्यायच्या. मासा साफ करायला बसली तर गलीमाचा नवरा सली सुरी काढून घ्यायचा. आणि तंबूच्या मधोमध निलगिरीच्या सोटाचा जो जाड खांब होता, त्याच्याजवळ तर तिला उभंही राहू देत नसत. वारा सुटला की घरातल्या बायका आतून तो खांब धरत आणि पुरुष बाहेर खुंट्या ठोकत. या घरात कुराणानंतर तोच एक नियम होता: दुसऱ्याचे हात आल्याशिवाय खांबावरचे आपले हात काढायचे नाहीत.

"पाहुण्याला खायला द्यावं, झोपायला द्यावं, खांब देऊ नये," सली तिला समजावून म्हणाला. "एकदा पाहुण्या आलेल्या माझ्या बहिणीच्या हातात दिला होता. बाईने डोक्यावरचा रुमाल सारखा करायला हात सोडला. रुमाल सारखा झाला, पण फ्रिज माझ्या पायावर पडला."

"सली बूता, माझा रुमाल पिनेने घट्ट आहे," मैमूना म्हणाली; बूता म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ.

"तुझा रुमाल घट्ट असेल. तुझा पोरगा फोनवर फोन करतोय त्याचं काय? तू आज आहेस, उद्या नाहीस."

हे तिला लागलं. कारण खरं होतं. इगशानचे फोन रोज यायचे. आधी चेष्टेचे, मग गोडीचे, मग तोंड वर करून. त्याची बायको नझली दुकानात कामाला होती, आणि सुट्टीनंतर दोन्ही पोरांना सांभाळायला कोणीतरी लागणार होतं. ते कोणीतरी कोण, हे त्या घरात कधी विचारलंच जायचं नाही.

मैमूना रोज सकाळी खडकाच्या आडोशाला बांधलेल्या दगडी कुंडापाशी जायची. भरतीचं पाणी त्यात अडवून ठेवलं होतं. बायका अंगभर कपड्यानिशी त्यात उतरायच्या, किंचाळायच्या, हसायच्या. मैमूना घोट्यापर्यंत पाय भिजवायची आणि परत फिरायची. "उद्या," असं गलीमाला सांगायची. जन्मभर ज्याची आस धरली ते पाणी समोर होतं, आणि बाईचा पाय पुढे पडत नव्हता. मला तर वाटतं, तिला अजून पाठीमागून कोणीतरी "नाही" म्हणेल असं वाटत होतं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, शहरात दरवर्षीच्या मिरवणुकीत बँडवाले रंगीत छत्र्या घेऊन नाचत असतील त्या वेळी, इकडे आग्नेयेचा वारा सुटला. या वाऱ्याला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात, कारण तो शहराची घाण उडवून नेतो. पण तंबूवाल्यांना हा डॉक्टर कसायासारखा वाटतो. पहिल्या झपाट्यात शेजाऱ्यांची छत्री समुद्रात गेली. दुसऱ्यात गलीमाच्या तंबूच्या तीन खुंट्या वाळूतून उपटल्या. सली आणि जावई ओरडत बाहेर धावले, सुना पोरांना गोळा करायला किनाऱ्याकडे पळाल्या, आणि तंबूत उरल्या दोन म्हाताऱ्या, एक कपाट आणि एक डुलणारा खांब.

गलीमा खांबाला मिठी मारून उभी होती. एकटीने आवरेना. बशा खणखणायला लागल्या.

"बघत काय बसलीस?" गलीमा ओरडली. "धर!"

"मी पाहुणी आहे," मैमूना म्हणाली. एवढ्या वाऱ्यातही ती हे बोलून घ्यायला चुकली नाही.

"खड्ड्यात गेली पाहुणी! धर गं बये!"

मैमूनाने खांब धरला. तो अंगात आल्यासारखा थरथरत होता. तिने पाय फाकवून वाळूत रोवले, खांदा टेकवला, आणि खांब सरळ उभा राहिला. भांडी आणि बादल्या उचलून उचलून मजबूत झालेलं अंग होतं ते, कोणी कधी मोजलं नव्हतं. गलीमाने श्वास घेतला, कपाट दोरीने बांधलं, आणि मग दोरीचं दुसरं टोक हातात घेऊन बाहेर सलीच्या मदतीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सोडू नकोस."

आणि नेमका तेव्हा इगशान आला.

ठेवणीतला पांढरा सदरा आणि चकचकीत बूट घालून तो वाळू थुंकत आत शिरला. त्याची पोरं गाडीतून उतरली ती थेट सलीकडे पळाली होती.

"मा, चल. सामान कुठे आहे तुझं?"

"दिसत नाही का, मी कामात आहे."

"हे काय काम? मा, लोक हसतायत आपल्याला. नझलीला उद्या दुकानात जायचंय. पोरांना कोण बघणार?"

"त्यांना बाप आहे ना?"

"मला काम आहे!"

"मलाही आहे," मैमूना म्हणाली आणि हनुवटीने खांब दाखवला. "मी हे सोडलं तर तंबू पडेल. घरी मी नव्हते इतके दिवस, तिकडे काय पडलं, सांग बघू?"

काहीच पडलं नव्हतं. भांडी साचली होती, एवढंच. मग इगशानने ते शेवटचं शस्त्र काढलं, जे या पोरांना नेहमी हाताशी लागतं.

"पप्पा असते तर त्यांनी हे चालू दिलं नसतं."

बाहेर सलीचा हातोडा वाजत होता. मैमूनाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाळूने नव्हे, आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

"तुझे पप्पा गेले तेव्हा मी रडले," ती म्हणाली. "मनापासून रडले, इगशान. आजही आठवण येते. पण त्यांचं 'नाही' मी त्यांच्याबरोबर कबरीत ठेवून आले. तू ते उकरून आणू नकोस."

"मा, तमाशा पुरे." तो पुढे झाला. "सोड. मी सांगतो ना, सोड!" आणि लहान पोराच्या हातातून खेळणं काढावं तशी तो तिची बोटं एकेक करून खांबावरून सोडवायला लागला.

वाऱ्याने जणू वाटच पाहिली होती. असा झपाटा आला की अख्खा तंबू फुगून वर उचलला गेला, खांब कलला, कपाटाची दोरी ताणली आणि गुलाबाची एक बशी खाली येऊन फुटली. इगशान मूळचा चांगला पोरगा. विचार न करता त्याने दोन्ही हातांनी खांबाला कवेत घेतलं, गाल टेकवला, बूट वाळूत रुतवले आणि दात-ओठ खाऊन खांब सरळ केला.

मैमूनाने पाहिलं. दुसऱ्याचे हात आले होते. नियम म्हणजे नियम.

तिने आपले हात काढले.

"मा? मा, हे काय? धर की!"

"छान धरलंयस," ती म्हणाली. "खांदा थोडा खाली घे. पाय फाकव. अस्सं." बोटांतली कुसळं काढत ती तंबूच्या दारापाशी गेली. तिथे गलीमा दोरी धरून उभी होती. आतलं सगळं तिने ऐकलं होतं, आणि हसू दाबून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मा! हे किती वेळ धरायचं?"

"वारा पडेपर्यंत."

"आणि कधी पडतो तो?"

"सली बूता," मैमूनाने हाक मारली, "पोरगा विचारतोय, वारा कधी पडतो?"

सलीने खुंटीवर हातोडा घातला, आभाळाकडे पाहिलं. "आज नाही पडला तर मग तीन दिवस नाही," तो म्हणाला. मग तंबूत डोकावून ओरडला, "पोरा, सोडू नकोस हं! कपाटात माझ्या सासूच्या बशा आहेत!"

मैमूना वाऱ्यात पुढे झुकून चालत निघाली. कुंडापाशी कोणी नव्हतं. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं, आणि सवयीने ती थांबली. मागून कोणी "नाही" म्हणालं नाही. म्हणणारा होता, पण त्याचे दोन्ही हात गुंतले होते.

दुसरी पायरी गुडघ्यापर्यंत, तिसरी कमरेपर्यंत. झगा फुगून तिच्याभोवती तरंगायला लागला. पाणी इतकं थंड होतं की तिच्या तोंडून किंकाळी फुटली, आणि किंकाळीमागोमाग हसू, मोठ्यांदा, खालच्या आळीला ऐकू जाईल असं. ती गळ्यापर्यंत आत गेली.

"मा!" तंबूकडून हाक आली. "मा!"

तिला स्पष्ट ऐकू आली. ती हाक ओळखायला तिला कधी दुसऱ्यांदा ऐकावी लागली नव्हती.

मैमूनाने दीर्घ श्वास घेतला आणि डोकं पाण्याखाली घातलं.