फटफटीला नांगर

चंदर मुंबईहून फटफटी घेऊन मुरुडला आला, तेव्हा कोळीवाड्यातली निम्मी माणसं बघायला धावली आणि निम्मी घरात पळाली. तो ज्या पारशी शेटकडे ड्रायव्हर होता, ते शेट कायमचे विलायतेला गेले आणि जाताना आपली जुनी फटफटी त्याला देऊन गेले. फटफटीच्या बाजूला एका माणसाला बसायला लाकडी डबा होता. त्या डब्यात कोण बसणार, हे चंदरनं मुंबईतच ठरवून टाकलं होतं. भिकू तांडेलाची नलू.

अडचण एकच होती, ती म्हणजे भिकू तांडेल. "ज्याची होडी न्हाय, त्याला माझी पोर न्हाय," असं त्यानं सगळ्या कोळीवाड्यात सांगून ठेवलं होतं.

"मामा, होडीचं काय घेऊन बसलात?" चंदर म्हणाला. "ही डोंगर चढते, डोंगर! दसरा झाला, पाऊस सरला, घाट अजून हिरवागार असेल. वळणावळणाला धबधबे. तुम्हाला महाबळेश्वर दाखवून आणतो. सुखरूप परत आणलं तर नलूचं बोलू."

भिकूनं जन्मभर डोंगर पाहिले ते समुद्रातून, किनारा ओळखायची खूण म्हणून. जवळून कसे दिसतात हे त्याला बघायचंच होतं. शिवाय होडी आता पोरगे चालवायचे आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. हुकूम सोडायला त्याला काहीतरी हवंच होतं.

"येतो. पन तांडेल मी. तू नुस्ता सुकाणू धर."

संध्याकाळी भिकूच्या अंगणातल्या वाळूत बेत सुरू झाला. चंदर काडीनं रेघ ओढत होता. "आगरदांड्याला फटफटी होडीत चढवायची, दिघीला उतरवायची. मग म्हसळा, माणगाव, महाड, आणि मग घाट!"

"घाटात भरती कधी लागते?"

"घाटात भरती नसते, मामा."

"मंग वर चढतात कशावर?"

मासळी साफ करता करता नलू खुदकन हसली. "बा, नांगर घेतलास का? धबधब्यात टाकायला?"

ती चेष्टा करत होती. भिकूनं मात्र मान डोलावली. "घेतला पायजे. बरी आठवण केलीस."

"चंदर," नलू हळूच म्हणाली, "डब्यात बा बसला तर मी कुठं बसू?"

"तू पुढल्या खेपेला."

"पुढली खेप झाली तर!"

नवी होडी लांब न्यायच्या आधी खाडीत फिरवून बघायची, हा कोळीवाड्याचा रिवाज. म्हणून सकाळी आगरदांड्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. चंदर आंघोळ करून, भांग पाडून आला तर भिकूच्या अंगणात रात्रभर ठेवलेली फटफटी ओळखू येईना. भिकूनं तिला पुढून मागून मोरी माशाच्या काळजाचं तेल चोपडलं होतं, होडीला चोपडतात तसं. डब्याच्या फटींत कापूस आणि राळ भरली होती. तळाशी दोन दगड ठेवले होते, होडी कलंडू नये म्हणून. वर सुके बोंबील आणि तवा. नांगराचा दोर फटफटीच्या मागच्या लोखंडाला बांधला होता. पुढच्या दिव्यावर नारळही फुटला होता. दिव्याची काच त्याच्यासोबत गेली होती.

"मामा, काय केलंत हे!"

"वास घे, वास! आता दहा वर्सं वाळवी लागनार न्हाय."

वास मुरुडच्या मांजरांनी केव्हाच घेतला होता. फटफटी निघाली तशी मागून मांजरांची वरात निघाली, वर कावळे. भिकू डब्यात उभा राहून ओरडत होता, "उजवीकडं घे! बैल येतोय! सुकाणू दाब!" माडांच्या मधून वारा असा सुटला की त्याचं मुंडासं उडालं आणि एका कावळ्यानं ते पळवलं. "अजून जोरात!" भिकू म्हणाला. त्याच्या पोरग्यांच्या होडीला हा वेग सात जन्मांत आला नसता.

आगरदांड्याच्या उतारावर चंदरनं ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. परत दाबला.

"मामा! ब्रेकाला पण तेल लावलंत?"

"करकरत व्हता. आता बघ कसा गप हाय."

समोर धक्का, धक्क्यावर पहाटेच मासळीची पाटी घेऊन आलेली नलू, आणि नलूच्या मागं खाडी. बाकीच्या बायका पाट्या टाकून पळाल्या. नलू ओरडली, "बा, नांगर!"

भिकूनं नांगर भिरकावला. तो धक्क्याच्या खांबाला अडकला, दोर ताणला आणि फटफटी नलूच्या पायाशी गचकन थांबली. थांबला नाही तो डबा. भिकूनं त्याचे लोखंडी बोल्ट काढून डबा काथ्यानं बांधला होता, कारण लोखंड गंजतं. काथ्या तटकन तुटला आणि भिकू तांडेल डब्यासकट हवेतून खाडीत गेला.

चंदरनं डोळे मिटले. तांडेल बुडाला, म्हणजे नलूही गेली.

"अरे, बघ तरी!" नलूनं त्याला हलवलं.

डबा तरंगत होता. भिकू आत बसून तव्यानं वल्हवत होता. त्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली, दिघीच्या होडीला आडवा गेला, तिच्या तांडेलाला शिव्या घातल्या आणि ऐटीत धक्क्याला लागला.

"थेंबभर पानी न्हाय आत!" त्याचं तोंड चमकत होतं. "चंदर, मुडद्या, तुझी होडी हाय हे बोलला का न्हायस?"

नलूनंच विचारलं, "म्हंजे ठरलं?"

"ठरलं! होडीवाला जावई हाय माझा."

"मामा, मग डबा परत जोडू. महाबळेश्वरला निघायचंय ना?"

भिकूनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "ह्यो? ह्यो आता खाडीतच ऱ्हानार. एवढी बेस घडलेली होडी कुनी डोंगरावर वाया घालवतं? तू जा."

नलूनं फटफटीकडं बघितलं. चंदरच्या मागं तेलानं चकचकणारी एक छोटी बैठक होती. "मंग मी तिथं बसते."

"लगीन झाल्याबिगार? लोक काय बोलतील!"

"मंग लवकर लाव की, बा," नलू पदरानं बैठक पुसत म्हणाली. "घाटातलं पानी काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"