न दिसलेला हात

चैत्राची दुपार. टेकडीवर पांढुरकं, प्रखर, निश्चल ऊन. कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड गंध. आणि प्रयोगशाळेच्या जाड पडद्यांआड काळोखाचा एक शीतल तुकडा.

त्या काळोखात सुनीती आगाशे बसली होती. समोरच्या काळ्याभोर पटलावर क्षयाच्या जंतूतलं एक प्रथिन संथ फिरत होतं. नीलजालवेष्टित, वलयांकित, गूढरम्य. क्ष-किरणांनी स्फटिकातून आणलेला तो नकाशा. जिथं निळी जाळी, तिथं अणू. इतका साधा त्याचा धर्म.

पण औषध जिथं बसायचं, त्या खोबणीच्या काठी लायसिन या अमिनो आम्लाची एक साखळी हातासारखी बाहेर आली होती. पहिल्या दोन अणूंपर्यंत जाळी दाट, मग विरळ, मग काहीच नाही. पुढचे अणू होते खरे. पण स्फटिकातल्या लक्षावधी प्रतींत प्रत्येक हाताची दिशा निराळी, म्हणून कुठंच न दिसणारे.

तो हात पुरा करावा, असं तिच्या मार्गदर्शकांचं, डॉक्टर दाभाड्यांचं म्हणणं होतं. औषध घडवणारी मंडळी खोळंबली होती. संगणक एक सुबक स्थिती सुचवतच होता. एक कळ दाबली की झालं.

सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रथिनावर, तिनं ती कळ दाबली होती. सुबक हात, रेखीव हात, कल्पित हात. सोलापूरच्या इम्तियाज मुजावर नावाच्या संशोधकानं प्रसिद्ध झालेल्या त्या हाताला बिलगतील असे रेणू घडवण्यात दोन वर्षं घातली. एकही बिलगला नाही. मग त्याचं पत्र आलं. विनम्र, दोनच ओळींचं. हा हात आपल्याला खरोखर दिसला होता का, एवढंच त्यानं विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं नव्हतं.

"सर, इथून पुढचं मी काढून टाकते आहे," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतले दाभाडे पटलाकडे झुकले. "मग त्यांना काय सांगायचं?"

"दिसलं नाही, असं सांगायचं."

त्यांनी चष्मा पुसला, किंचित मान हलवली, आणि खोळंबलेल्यांना फोन करायला ते स्वतःच उठले.

सुनीतीनं एकेक अणू पुसला. मग जुनं प्रथिन उघडलं; तिथलाही कल्पित हात छाटला, दुरुस्ती नोंदवली. आणि चार वर्षं राहून गेलेलं उत्तर लिहिलं: नाही, मुजावरसर, मला तो दिसला नव्हता.

खोबणीच्या काठी आता नुसतं काळं, अथांग, अनाम अवकाश. त्यात तो हात हलतच असेल; शतधा, सहस्रधा, क्षणाक्षणाला निराळा; कुणी न रेखलेला, कुणी न पाहिलेला, आपल्याच लयीत हलता, हलता.