सर्वेशच्या गोष्टीवर माझा अभिप्राय

सर्वेशने माझ्या गोष्टीवर दोन ओळींचा अभिप्राय लिहिला होता. त्या दोन ओळींसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचा कथालेखनाचा वर्ग डोंबिवलीत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी भरतो. अकरा जण आहोत. शिकवणारे उत्तम सर निवृत्त मुख्याध्यापक, आणि ती शिस्त त्यांच्या अंगातून अजून गेलेली नाही. त्यांचा नियम असा, की चिठ्ठ्या टाकून गोष्टी एकमेकांना वाटायच्या, आठवडाभर वाचायच्या आणि अभिप्राय लिहून आणायचा. तो मोठ्याने वाचायचा मात्र ज्याची गोष्ट त्यानेच, सगळ्यांसमोर उभं राहून. वाद घालायचा नाही, खुलासा करायचा नाही. वाचून झालं की "आभारी आहे" म्हणून खाली बसायचं.

माझी पहिली गोष्ट आईवर होती. माझी आई शालन कळव्याला अंगणवाडीत मदतनीस आहे. मी दहावीला होते त्या वर्षी तीही दहावीला बसली. पुस्तकांचा संच एकच, त्यामुळे ती पोळ्या लाटायची आणि मी तिला धडे वाचून दाखवायचे. ती पास झाली. हे सगळं मी लिहिलं आणि अभिप्रायाच्या रविवारी मोठ्या हौसेने आईला वर्गात घेऊन गेले. ठेवणीतली साडी नेसून ती मागच्या खुर्चीत बसली होती.

माझी गोष्ट सर्वेशच्या वाट्याला गेली होती. हा मानपाड्याला राहतो, तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि वर्गात सगळ्यात जास्त तोंड त्याचंच चालतं. मी कागद उघडला आणि नियमाप्रमाणे वाचला. "आईचं पात्र खोटं वाटतं. अशी बाई खऱ्या आयुष्यात नसते, सहानुभूती मिळवायला रचलेली आहे." कागदावर भजीच्या तेलाचा डाग होता. चहा पिता पिता पाच मिनिटांत खरडलेलं. मी "आभारी आहे" म्हणाले आणि खाली बसले. घरी जाताना आईने विचारलं, "मी खोटी वाटते का गं?" त्यानंतर ती वर्गात कधी आली नाही.

तेव्हाच मी ठरवलं, याची गोष्ट एकदा माझ्या हातात येऊ दे.

चार महिन्यांनी आली. आणि वेळही कशी? सरांच्या ओळखीचे एक संपादक आपल्या दिवाळी अंकात वर्गातली एक गोष्ट घेणार होते, आणि सरांनी सर्वेशची निवडली होती. अभिप्राय आला की हात फिरवून त्याने ती पाठवायची. छापून येणारी ही त्याची पहिलीच गोष्ट. गडी पेढे वाटायच्याच बेतात होता.

मी पेन सरसावून बसले. बारा पानं होती. नोकरी गेलेला बाप ते घरी कसं सांगायचं याची आरशासमोर तालीम करतो. त्याला हसत हसत सांगायचं असतं, आणि दर वेळी हसू भलत्याच शब्दावर येतं. मेल्याने चांगलं लिहिलं होतं! मला इतका संताप आला की समोरचा चहा तसाच गार झाला.

पण मला हवं ते शेवटी सापडलं. बाप दाराची बेल दाबतो तिथेच गोष्ट संपली होती. सर्वेशने मात्र पुढे दोन पानं बेकारी, समाज आणि पुरुषाचं एकटेपण यांवर भाषण ठोकलं होतं. ती दोन पानं उडवली असती, तर आमच्या वर्गात कोणी लिहिली नाही अशी गोष्ट झाली असती. मला ते स्वच्छ दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं.

झोडपून काढण्यात अर्थ नव्हता. झोडपलं असतं तर चिडून का होईना, तो सुधारला असता. मी तीन दिवस खपून पानभर अभिप्राय लिहिला, सुवाच्य अक्षरात, कारणांसकट. "शेवटची दोन पानं हा या गोष्टीचा प्राण आहे. तिथे लेखक मनापासून बोलतो. हा भाग आणखी वाढवावा. आरशाचा प्रसंग लांबला आहे, तो कापावा."

रविवारी सर्वेश उभा राहून ते वाचायला लागला. अर्ध्यावर त्याचा आवाज भरून आला. सर कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होते. वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, तर त्याने माझाच कागद त्यांच्यापुढे धरला.

गणपतीनंतर संपादकांनी गोष्ट परत पाठवली. आरशाचा प्रसंग अर्ध्या पानावर आला होता आणि भाषण पाच पानांवर गेलं होतं. माझा जीव थंड झाला. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं. आईला कारण सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर सर्वेश जिन्यात माझी वाट बघत थांबला होता. मला वाटलं, कळलं याला. आता भांडेल. मी तयारच होते, मला ते भांडण हवंच होतं. त्याने माझ्या हातात एक जाड फाईल ठेवली.

"कादंबरी घेतलीय लिहायला. चाळीस पानं झाली. सरांना पण नाही दाखवलेली अजून."

"संपादक काय म्हणाले?"

"शेवट लांबलाय म्हणे. त्यांना काय घंटा कळतं! पायल, तू एकटीने नीट वाचलेलीस. बाकी सगळे टाइमपास करतात."

मी फाईल उघडली. सुरुवातीलाच माझा कागद होता, लॅमिनेट केलेला. त्यामागची पानं चाळली. भाषण, भाषण, भाषण. आरशासमोरच्या त्या बापासारखा माणूस त्यात एकही नव्हता.

मला त्याची एक गोष्ट बुडवायची होती, एवढंच.

"सर्वेश, ते मी मुद्दाम लिहिलेलं," मी म्हणाले. "संपादक बरोबर आहेत. तुझ्यावर राग होता माझा. आईच्या गोष्टीवर तू जे लिहिलेलंस ना, त्याचा."

तो गोंधळला. "कुठली गोष्ट?"

"दहावीची. तिच्यासमोर वाचायला लागलेलं मला."

"हां हां, ती! काय लिहिलेलं मी? आठवत पण नाय." तो हसला. "अगं, माझी गोष्ट परत आली म्हणून तू कशाला स्वतःवर घेतेस? एवढं पानभर, कारणं देऊन, कोणी खोटं लिहितं का?"

मी फाईल परत करायला गेले. त्याने ती दोन्ही हातांनी माझ्याकडे ढकलली.

"वाच आणि सांग," तो म्हणाला. "मागच्या वेळेसारखं, खरं खरं."