किशनरावांची सरकारमान्य मावशी

छप्पन सालच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, तेलंगण आंध्राला जोडलं गेलं, आणि आंध्राच्या कर्नूलच्या कचेऱ्या फायलींच्या गाठोड्यांसकट हैदराबादला आल्या. गाठोड्यांना जागा मिळाली, कारकुनांना मिळेना.

गौलीगुड्यात बसअड्ड्यामागच्या गल्लीत किशनराव आणि विमलाबाई राहत. किशनराव शेतकी खात्यात नकलनवीस होते. आयुष्यभर दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून काढल्यामुळे त्यांना मनानं काही बोलायची सवय राहिली नव्हती. ते काम विमलाबाई करत. रस्त्याकडच्या दोन खोल्या आठवड्याच्या बोलीवर पाहुण्यांना द्यायच्या, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

डिसेंबरात नवा नियम आला. महिन्याच्या आत उठून जाणारा पाहुणा ठेवायचा असेल तर लायसन हवं. लायसनसाठी दारावर तांबडी पाटी, प्रत्येक खोलीत वाळूची बादली, पाहुण्यांना वेगळा संडास आणि भिंतींना वर्षातून दोनदा चुना. नात्यातला माणूस उतरला असेल तर मात्र यातलं काहीच नको. त्या आठवड्यात गल्लीत नातेवाईक फार वाढले. शेजारच्या इंदुताईंकडे एकाच दिवशी सात जावई उतरले. त्यांना मुलगी एकच होती.

विमलाबाईंकडे तेव्हा अप्पाराव नावाचे कर्नूलचे कारकून होते. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत आठ दिवस राहतो म्हणून आले होते. माणूस सभ्य, भाषा तेलुगू. बाकीच्यांशी कामापुरती दखनी. एका सकाळी तपासणीचे इन्स्पेक्टर एकनाथराव दारात उभे राहिले. ते मूळचे नांदेडचे. आपली बदली औरंगाबादला होणार की नाही या काळजीत त्यांचा चेहरा कायम लांबलेला असे.

"हे कोण?" त्यांनी ओसरीवर चहा पीत बसलेल्या अप्पारावांकडे बोट दाखवलं.

"ह्यांचे मावसभाऊ," विमलाबाई म्हणाल्या.

किशनराव तेवढ्यात दाढीचा साबण पुसत बाहेर आले होते. ते तसेच थांबले.

"नाव?"

"अप्पाराव," अप्पाराव म्हणाले.

"नाव आपल्याकडचं वाटतं. बोलणं का असं?"

"मावशी कर्नूलला दिलेली," विमलाबाई म्हणाल्या. "लहानपण सगळं तिकडंच गेलं."

"मावशीचं नाव?"

किशनरावांनी अप्पारावांकडे पाहिलं. अप्पारावांना आपल्या आईचं खरं नावच सुचलं. "सुभद्रम्मा."

"म्मा कशाला?"

"कर्नूलला गेल्यावर लागतं," विमलाबाई म्हणाल्या.

एकनाथरावांनी रजिस्टरात किशनरावांची वंशावळ काढली. आई वारली तेव्हा वय वर्षं दोन, हेही लिहून घेतलं. मग म्हणाले, "गुरुवारी तहकीकातीला येतो. मावशींना हजर ठेवा."

ते गेल्यावर किशनराव एवढंच म्हणाले, "मला मावशी नाही."

"गुरुवारपर्यंत येईल," विमलाबाई म्हणाल्या.

अप्पारावांची आई नाहीतरी नामपल्लीची नुमाइश, म्हणजे तिथलं दरसालचं प्रदर्शन, बघायला यायचीच होती. तार गेली आणि बुधवारी सुभद्रम्मा दोन ट्रंका, एक पाटा आणि लोणच्याच्या तीन बरण्या घेऊन उतरल्या. मुलानं त्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना काय पटलं ते कुणालाच कळलं नाही.

गुरुवारी एकनाथराव आले. किशनराव हात जोडून भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, हे तुमचे कोण?"

अप्पारावांनी ते तेलुगूत सांगितलं. सुभद्रम्मा किशनरावांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मुलाला काहीतरी विचारलं. त्यांचीही एक थोरली बहीण होती, ऐन तरुणपणी गेलेली. ह्याची आई केव्हा गेली, असं त्या विचारत होत्या. दोन वर्षांचा असताना, हे कळल्यावर त्या उठल्या, किशनरावांची हनुवटी धरली, कानशिलांवरून बोटं मोडली आणि पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बोलत राहिल्या.

"काय म्हणतात?" एकनाथरावांनी विचारलं.

"विचारती है, ये इतना सूख कैसे गया," अप्पाराव खाली मान घालून म्हणाले. "घर में खाना देते नहीं क्या."

विमलाबाईंना ते फार लागलं.

"मावशीच," एकनाथराव म्हणाले. त्यांनी रजिस्टरात 'नाते सिद्ध' असं लिहून किशनरावांची दस्तखत घेतली आणि नाक पुसत निघून गेले.

विमलाबाईंना वाटलं, सुटलो. पण सुभद्रम्मा मावशी झाल्या त्या झाल्याच. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात शिरल्या. किशनरावांना दुपारचा डबा त्या भरू लागल्या. त्यातल्या अंबाडीच्या चटणीनं पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तीच परत मागितली. अप्पाराव भाडं द्यायला आले तर मावशींनी त्यांच्या हातावर चापट मारली. बहिणीच्या मुलाच्या घरात भाडं? किशनरावही म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण त्यांचं एवढं ठाम मत विमलाबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या.

पुढं पुढं किशनराव कचेरीतून लवकर येऊ लागले. मावशी तेलुगूत बोलत, हे मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं तासन् तास चाले. एका रविवारी मावशींनी त्यांना अंगणात पाटावर बसवून डोक्याला तेल चोळलं. भिंतीवरून इंदुताई बघत होत्या.

"वदिना," मावशींनी विमलाबाईंना हाक मारली. वदिना म्हणजे वहिनी; मुलगा तशी हाक मारतो म्हणून त्याही तशीच मारत. मग खुणेनं सांगितलं, रोज असं चोळत जा.

विमलाबाईंनी त्याच दिवशी वाळूच्या दोन बादल्या विकत आणल्या आणि सोमवारी नवऱ्याला घेऊन लायसनच्या कचेरीत गेल्या.

"मला लायसन द्या," त्या एकनाथरावांना म्हणाल्या. "सगळं नियमानं करते."

एकनाथरावांनी रजिस्टर उघडलं. "कुणासाठी? खोल्यांत तर तुमचे नातेवाईक आहेत. नातेवाईक पाहुणे होत नाहीत."

"मग ते नातं खोडा."

"कसं खोडू? जोडायचा रकाना आहे, तोडायचा नाही. मयत लिहू का?"

"लिहू नका," किशनराव घाईनं म्हणाले.

एकनाथरावांनी विचार करून वाट काढली. आपण खोटं बोललो, मावशी आपली नाही, असं किशनरावांनी लिहून द्यावं. दंड माफ करू. त्यांनी कागद पुढं सरकवला. विमलाबाईंनी टाक हातात दिला. किशनरावांनी तो दौतीशेजारी ठेवला.

"मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले.

"अहो, खोटंच नाही का ते?"

"खोटं तू बोललीस. मी साबण पुसत होतो." मग ते एकनाथरावांकडे वळले. "साहेब, तुम्ही तहकीकात केली. नाते सिद्ध लिहिलंत, मी सही केली. सरकारी कागद आहे. त्यावर मी शंका कशी घेऊ?"

एकनाथरावांनी रजिस्टर मिटलं आणि तिघांना चहा मागवला. विमलाबाई चहा न पिता बाहेर आल्या. पुतळीबावडीच्या चौकात थांबून त्यांनी विचारलं, "इतकी आवडते ती तुम्हाला?"

"कुणी असं कधी विचारलंच नव्हतं," किशनराव म्हणाले. "वाळलास का म्हणून."

विमलाबाईंना आणखी बोलायचं होतं, पण त्या नवऱ्याच्या तेल लावलेल्या, नीट भांग पाडलेल्या डोक्याकडे बघत राहिल्या.

फेब्रुवारीत अप्पारावांना अंबरपेठेत क्वार्टर मिळालं. मावशींनी ट्रंका बांधल्या तेव्हा किशनराव रजा काढून घरी बसले. सायकलरिक्षा दारात आली. मावशींनी विमलाबाईंच्या हातात लोणच्याची शेवटची बरणी ठेवली, गालावरून हात फिरवला आणि तेलुगूत एक लांबलचक वाक्य बोलल्या.

"काय म्हणतात?" विमलाबाईंनी विचारलं.

"बोलती है, इसके साथ बाईस साल निभाए," अप्पाराव म्हणाले. "बहुत हिम्मत की बात है."

विमलाबाईंनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. एक ट्रंक स्वतः उतरवून घेतली आणि म्हणाल्या, अप्पारावांनी खुशाल जावं. मावशींनी उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, राहायला काही हरकत नाही.