मांडीवरचा कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा, पण आमच्या जातीत एवढ्यात म्हातारपण येतं. मित्रांनो, टेबलावर ऐसपैस पसरलेले कीबोर्ड तुम्ही पाहिले असतील. मी तसा नाही. मी टॅबलेटला चिकटणारा आणि हवं तेव्हा काढून ठेवता येणारा. माझ्या कडेला लोहचुंबक आहे. टॅबलेट जवळ आला की तो खटकन चिकटतो आणि माझ्या अंगात जीव येतो, कारण वीजही त्याची आणि बुद्धीही त्याचीच. माझ्याकडे फक्त कळा आहेत.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका बाईने माझी एकेक कळ दाबून पाहिली, मान डोलावली आणि मला टॅबलेटच्याच खोक्यात निजवलं. तो वर, मी खाली. आपलं नशीब काय आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खोकं उघडलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. घरात दोघीच राहत होत्या, आई आणि लेक. आईला सगळी गल्ली टायपिस्टबाई म्हणायची. उभा जन्म त्यांनी एका कचेरीत टाइपरायटरवर साहेबांची पत्रं बडवली होती आणि नुकत्याच त्या निवृत्त झाल्या होत्या. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. जाण्याआधी तिने आईसाठी हा टॅबलेट आणला होता.

"मला कशाला गं या वयात असली थेरं?" बाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता हात धुऊन, पुसून, खुर्ची पुढे ओढून बसल्यासुद्धा.

लेकीने टाइपरायटरसारखीच अक्षरांची मांडणी शोधून बसवली होती, त्यामुळे बाईंची बोटं न बघता बरोबर कळेवर पडली. पण काय तो जोर! पहिल्या दिवशी मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्यात आणखी एक गंमत. ओळ संपत आली की बाईंचा डावा हात आपसूक उठायचा आणि टॅबलेटला फटकन ढकलायचा. टाइपरायटरवर नवी ओळ सुरू करायला असंच ढकलावं लागतं म्हणे. टॅबलेट बिचारा माझ्यापासून सुटून चहाच्या कपाशेजारी उताणा पडायचा.

"आई, अगं ओळ आपोआप खाली जाते!" लेक हसून हसून लोळायची.

"आपोआप कशी जाईल? ढकलल्याशिवाय काही पुढे जातं का या जगात?"

मला दोघींचंही पटायचं. मग एके दिवशी लेक बॅग घेऊन गेली आणि घरात माझ्या कळांचाच काय तो आवाज उरला.

बाईंनी लेकीला पहिलं पत्र लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. 'विषय : जेवण वेळेवर करणेबाबत. संदर्भ : आपला कालचा फोन. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, रात्री उशिरा खाल्लेले पचत नाही.' खाली सही, 'आपली विश्वासू, आई'. हसू नका, मित्रांनो. या बाईंनी जन्मभर दुसऱ्यांचंच म्हणणं टाइप केलं होतं. स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की बोटांना तेवढीच वाट ठाऊक होती.

हळूहळू मात्र विषय गेला, संदर्भही गेला. एका दुपारी त्यांनी लिहिलं, 'आज दोघींचा स्वयंपाक केला. झाल्यावर आठवलं.' एवढं लिहून त्या बराच वेळ बोटं माझ्यावर तशीच ठेवून बसल्या. बोटं गरम होती. आपल्या जन्माचं सार्थक झालं, असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढे लेकीचं काम वाढलं. एका संध्याकाळी ती टॅबलेटच्या पडद्यावरून म्हणाली, "आई, तू एवढं मोठं लिहितेस, मला वाचायला वेळच होत नाही गं. त्यापेक्षा रोज दोन मिनिटं बोलू या. तुझं तोंड तरी दिसेल."

"हो, तेच बरं," बाई म्हणाल्या.

लेकीचं काही चुकलं नव्हतं. तिला आई बघायची होती. पण बाईंनी मला टॅबलेटपासून सोडवलं आणि कपाटाच्या खणात मोज्यांच्या शेजारी ठेवलं. टॅबलेट टेबलावर स्वतःच्या टेकूवर उभा राहिला. त्याचं मस्त चाललं होतं.

खणातून मला सगळं ऐकू यायचं. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." "बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" की संपला फोन. मी आत तळमळायचो. साहेबांपुढे ब्र न काढता ज्या बाईंचा जन्म गेला, त्यांना तोंडाने सांगणं कसं जमावं? त्यांचं खरं बोलणं बोटांतूनच यायचं. त्या बोटांची मला फार फार आठवण यायची. आणि खोटं कशाला बोलू, टॅबलेटचा हेवाही वाटायचा.

एका दुपारी त्यांनी खण आवरताना मला बाहेर काढलं. फडक्याने पुसत होत्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. घाईघाईत त्या मला मांडीवर घेऊनच टेबलाशी बसल्या.

"आई, या वेळीही सुट्टी जमत नाहीये गं," लेक म्हणाली. "तुला चालेल ना?"

"न चालायला काय झालं? तू आपलं काम बघ," बाई हसून म्हणाल्या.

आणि टेबलाखाली त्यांची बोटं माझ्यावर उतरली. दोन कळा दाबल्या गेल्या. 'ये.' मग पुन्हा त्याच दोन कळा. 'ये.' वर त्या हवापाण्याचं बोलत होत्या आणि खाली बोटं थांबत नव्हती.

टॅबलेट माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, लेकीचा चेहरा घेऊन. माझा लोहचुंबक तिथवर पोचत नाही. आत आलेलं अक्षर जपून ठेवायला माझ्याकडे जागा नाही. त्या दोन कळा दाबल्या गेल्या आणि वर आल्या, बस्स. आयुष्यात मला त्या टॅबलेटला चिकटावंसं इतकं कधीच वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी खणात गेलो नाही. रोज फोनच्या वेळी बाई मला मांडीवर घेतात. तोंड म्हणतं, "सगळं छान आहे," आणि बोटं म्हणतात, 'ये.' त्या दोन कळांवरची अक्षरं आता पुसली गेली आहेत. लेकीला ठाऊक नाही, कारण पडद्यावर आईचा चेहरा तेवढा दिसतो.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी तुम्हाला सांगतो की आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. मला रोज पुसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं मागणं दुसरंच आहे. तुमची आई लांब असेल आणि फोनवर सगळं छान आहे म्हणत असेल, तर लगेच फोन ठेवू नका. ठेवण्याआधी तिला एकदा एवढंच म्हणा, "आई, जरा तुझे हात दाखव ना."