दोघींच्या नाड्या

वैद्यबाईंनी थोरलीच्या मनगटावरची तीन बोटं उचलली, धाकटीच्या मनगटावर ठेवली आणि मग पुन्हा थोरलीचा हात मागितला. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. जुळ्या होत्या त्या. साठी उलटली तरी नाक, कपाळ, चालण्यातला किंचितसा झोक, सगळं तेच. शिवणाचं दुकान एक, झोपायची खोली एक. थंडी सरल्यापासून झोपही दोघींची एकदमच उडाली होती. परवा धाकटीने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, थोरलीने तो तसाच इस्त्री करून गिऱ्हाइकाला दिला, तेव्हा कुठे त्या इथे आल्या.

"भूक कशी लागते?" वैद्यबाईंनी विचारलं.

"आम्हाला वेळेवर लागते," थोरली म्हणाली.

"उकाडा सोसतो की गारठा?"

"गारच बरं वाटतं आम्हाला. निजताना खिडकी सताड उघडी लागते."

"ताई, मी तुम्हाला विचारतेय. 'आम्हाला'चं नंतर बघू."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. वैद्यबाईंनी धाकटीला जरा बाहेर बसायला सांगितलं.

"कशाला?" धाकटी म्हणाली. "हिला द्याल तेच औषध मला द्या. एका मापात दोघींचं भागतं आमचं."

पण गेली बिचारी, पाय आपटत.

खोलीत सुंठीचा आणि तेलाचा वास होता. वैद्यबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत असल्यासारख्या बसल्या. थोरलीही मग श्वास जपून घेऊ लागली.

"तुमची नाडी सापासारखी सरपटत जाते," त्या म्हणाल्या. "बहिणीची बेडकासारखी उड्या मारते. झोप दोघींची गेली, पण वेगवेगळ्या वाटांनी. तुमचा वात बिघडलाय, त्यांचं पित्त. तुम्हाला ऊब हवी, त्यांना गारवा."

"पण आम्हाला बघून आईसुद्धा फसायची हो! चेहरा तरी बघा."

"चेहरा मी पाहिलाच नाही."

थोरलीने आपला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

नंतर तिला आतल्या लाकडी मेजावर पालथं निजवलं. कोमट तिळाचं तेल मानेवरून पाठीवर उतरलं आणि त्यामागून मालीशवाल्या बाईंचे जड, संथ हात. जन्मभर थोरलीने लोकांची अंगं मापली होती. स्वतःचे कपडे मात्र ती बहिणीच्या अंगावर बेतून बघायची. आपली पाठ कशी दिसते, ते तिला धाकटीकडे पाहून ठाऊक होतं. ती आतून कशी असते, ते आज कळत होतं. खांद्याखाली कुठेतरी गारठून बसलेलं काही सैल झालं. पावलांपर्यंत ऊब पोचली तेव्हा तिने उशीत तोंड खुपसलं.

परतताना दोघी नेहमीसारख्या खांद्याला खांदा लावून चालत होत्या.

"तुला काय केलं गं?" धाकटीने विचारलं.

"गरम तेल. तुला?"

"कपाळावर गार ताकाची धार. इतकं शांत वाटलं ना, डोळाच लागला." थोडं चालून ती म्हणाली, "म्हणजे उघडी खिडकी तुला नकोच होती. बोलली का नाहीस कधी?"

"मलाच माहीत नव्हतं."

धाकटी थबकली. मग तिने थोरलीने मालीशनंतर पांघरलेली शाल नीट केली.

दुपारी दुकानात शेजारच्या शाळेतल्या बाई झग्याचं कापड घेऊन आल्या. धाकटी आतल्या खोलीत मशीनवर होती.

"तुम्ही कोणत्या हो?" बाईंनी हसत विचारलं. "मला मेलं कळतच नाही."

या प्रश्नाला दोघी लहानपणापासून एकच उत्तर देत आल्या होत्या: कोणतीही समजा, काय फरक पडतो! थोरलीच्या जिभेवर ते आलंही. तिने टेप गळ्यातून काढली, बोटांना गुंडाळली.

"मी थोरली," ती म्हणाली.

आतलं मशीन थांबलं. धाकटी दारात आली आणि चौकटीला हात लावून थोरलीकडे बघत राहिली, पहिल्यांदाच दुकानात आलेल्या माणसाकडे बघावं तशी.