निम्मं होईपर्यंत

नळीतला गुलाबी रंग काही केल्या थांबेना. पाच मिनिटं रंग चढू द्यायचा, मग कार्डावरच्या चौकोनांशी जुळवून आकडा लिहायचा – पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं ती हेच करत आली होती. आणि आज तिसऱ्याच मिनिटाला तो कार्डावरचा शेवटचा चौकोन ओलांडून गेला होता. तिनं नळी धुतली. एक भाग नमुना, नऊ भाग शुद्ध पाणी घालून पुन्हा लावली. एकशे साठ. पन्नासच्या आत असायला हवं ते नायट्रेट एकशे साठ. तिसऱ्यांदाही तेच आलं. इतर कुणाच्या बाटलीसाठी तिनं तीनदा खटाटोप केला नसता, पण या बाटलीवरची चिठ्ठी तिच्या भावाच्या अक्षरातली होती – ‘घरची विहीर, सकाळी सात’.

सकाळी नऊला तो ही बाटली घेऊन दारात उभा राहिला होता. तीन महिन्यांची त्याची मुलगी तीन दिवस दवाखान्यात, ओठ राखाडी, नखं निळी. हृदय तपासून झालं, ते ठणठणीत. ऑक्सिजन लावला तरी रंग येत नाही म्हणताना डॉक्टरांनी काल रात्री कुठं विचारलं की, पावडरचं दूध कालवता ते पाणी कुठलं? “आता पाण्यात काय असणार, ताई?” भाऊ म्हणाला होता. “आपलंच तर पाणी आहे.”

आपलंच पाणी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, साठ गाई बांधल्यास तू, आणि शेत मात्र वडिलांच्या चार गाईंच्या वेळेस होतं तेवढंच! वडील शेणखत वर्षभर कुजवायचे, पेरणीआधी टोपल्यांनी मोजकं पसरायचे. याचं तसं नाही... याची शेणामुताची टाकी दर पंधरा दिवसांनी भरते, आणि भरली की रिकामी करायची, शेतात पीक उभं असो नाहीतर नुसती ढेकळं असोत – आणि कुठं, तर विहिरीच्या वरच्या अंगाला, कारण तिथं टँकर नेणं सोपं! पिकाला लागेल तेवढं पीक घेतं. उरलेलं काय हवेत उडतं? पाण्याबरोबर उतरतं ते, खाली, मुकाट, ना रंग ना वास, आणि तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की रक्ताला ऑक्सिजनच धरू देत नाही. आणि लोक लांबून त्याचं शेत बघायला येतात. बाहेरच्या खताची चिमूटही न घातलेलं शेत! तशी पाटीच लावली आहे त्यानं फाटकावर.

सांगितलं होतं मी. गेल्या वर्षी जेवताना सांगितलं होतं – तिथं ओतू नकोस रे, विहिरीत उतरेल. तर हसला. “शेण आहे ते, विष नाही. तू तुझ्या नळ्या बघ, मी माझी जमीन बघतो.” सगळे हसले, आणि मी कानकोंडी होऊन ताटातलं चिवडत बसले. ताट सरकवून उठायला हवं होतं, भांडायला हवं होतं, पण नाही! मोठी बहीण ना, समजूतदार...

तो दुपारी येईल तेव्हा काय काय बोलायचं ते ती मनात रचू लागली. एक शब्द गाळायचा नाही. टाकी, टँकर, पाटी, सगळं. वडिलांनाही मध्ये आणायचं. त्याचं तोंड कसं उतरेल ते तिला आत्ताच दिसत होतं आणि, खोटं कशाला बोला, बरंही वाटत होतं. मुलीच्या नखांचा रंग त्याच्यापुढे नाचवायचा. मग बघू काय म्हणतो.

तिनं अहवालाचा कागद ओढला. नमुना, तारीख, आकडा. खाली ‘सल्ला’. तिचा हात सवयीनं शिक्क्याकडे गेला; शाईच्या पेटीवर ठोकून कागदावर उतरणार, इतक्यात तो हवेतच थांबला. तो नेहमीचा शिक्का होता. पाणी उकळून वापरावे.

जंतू सापडले की तो शिक्का मारायचा. नायट्रेटला शिक्का नव्हता, हातानं लिहावं लागायचं – उकळू नये. कारण वाफ होते ती पाण्याची. नायट्रेट जसंच्या तसं भांड्यात राहतं. हे ती पोरासोरांना, बायाबापड्यांना गावोगावच्या सभांमधून सांगत फिरायची. पाणी आटलं की उरलेलं आणखी कडक होतं, असं. पाण्याच्या पेल्यात मीठ टाकून, आटवून, चाखायला देऊन सांगायची.

आणि बाळ दहा दिवसांचं असताना ती त्यांच्याकडे गेली होती. भावजयीला दूध पुरत नव्हतं, रडून रडून डोळे सुजलेले, ओट्यावर पावडरचा डबा. त्याच्या दोन महिने आधी तिनंच विहिरीचं पाणी तपासलं होतं – फक्त जंतूंसाठी. नायट्रेट तपासायचं औषध ऑफिसचं, घरच्या बाटलीला कशाला वापरायचं? केवढा तोरा होता त्या वेळी त्या प्रामाणिकपणाचा! कपाटाला कुलूप घालून, मान ताठ करून घरी गेले होते मी. जंतू निघाले थोडे. म्हणून ओट्यापाशी उभं राहून, चहा पिता पिता, बाळाकडे बघत...

“उकळ चांगलं. निम्मं होईपर्यंत उकळ, मग चिंता नाही.”

भावजय भारी आज्ञाधारक. तिनं पातेल्यात आतून खिळ्यानं रेघ ओढून घेतली होती, निम्म्याची. एकशे साठाचं निम्म्या पाण्यात... तीनशे वीस. एवढा हिशेब करायला तिला कार्ड लागलं नाही. तिनं फोन उचलला.

“अगं, बाळाचं पाणी कुठाय?”

“फ्लास्कमध्ये आहे ताई, घरचंच. इथल्या नळाचा काय भरवसा? यांनी सकाळी ताजं आणलं. मी तर म्हटलंय, उद्यापासून आणखी आटवा –”

“ओतून टाक! बाटली, फ्लास्क, सगळं ओत. डॉक्टरांना सांग, नायट्रेट एकशे साठ. जा, आत्ता जा. आणि दुधाला बाटलीबंद पाणी मागवून घे, ते उकळत बसू नकोस.”

पलीकडे धावत्या चपला, दार, डॉक्टरांचा आवाज. मग बारीक आवाजात – “ताई, माझं काही चुकलं का हो? एकदासुद्धा कच्चं पाणी दिलं नाही मी. रेघेखाली गेल्याशिवाय गॅस बंद केला नाही.”

“नाही गं. तुझं काही चुकलं नाही.”

एवढंच. पुढचं वाक्य अगदी जिभेवर होतं, तीन शब्दांचं. डॉक्टर बोलावतायत, असं भावजय म्हणाली आणि फोन बंद झाला, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची किळस आली.

अडीचला भाऊ आला. “इंजेक्शन दिलं, ताई. रंग येतोय. ओठ गुलाबी दिसायला लागलेत,” म्हणाला आणि हातातली पिशवी घट्ट धरून उभा राहिला. अंगाला गोठ्याचा वास, दाढी वाढलेली. वाचेल, पोर वाचेल... आणि मग तिनं सुरुवात केली. टाकी, टँकर, फाटकावरची पाटी, वडिलांच्या टोपल्या – रचलं होतं तसं, एकही शब्द न गाळता. सगळं खरं होतं. आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेले लोक दारातून डोकावले. आपण इतक्या मोठ्यानं का ओरडतोय हे तिला कळत होतं, तरी आवाज खाली येईना.

तो वाद घालेल, हसेल, जमिनीचं काही सांगेल, याची ती वाट बघत होती. त्यानं मान खाली घातली.

“पण ताई,” शेवटी तो म्हणाला, “आम्ही तर उकळून देत होतो. निम्मं आटवून. मग... उकळूनसुद्धा?”

कागद तिच्यासमोर होता. सल्ल्याची जागा अजून कोरी.

“हो,” ती म्हणाली. “उकळूनसुद्धा.”

“मग माझंच सगळं,” तो म्हणाला. पुढं काही विचारलं नाही. खाली बसला आणि पिशवीत तोंड घालून रडायला लागला.

शेताबद्दल सांगितलेलं त्यानं जन्मात कधी मानलं नव्हतं, आणि हे मानलं. ताबडतोब! विचार न करता! इतका कसा रे तू भोळा, एक प्रश्न, अजून एकच प्रश्न विचारला असतास तर... ती दातओठ खात त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. सकाळपासून जेवढा आला नव्हता तेवढा राग तिला आत्ता आला होता, त्याचाच, आणि त्यातला किती त्याचा हे तिला आता ठरवता येत नव्हतं.